स्थानकापासून घरापर्यंत

म्हैसूरहून दक्षिणेस निघालेली गाडी सुमारे १२ किलोमीटरांवर कडकोळ येथे थांबते. हा मार्ग १८९१ मध्ये नंजनगूडपर्यंत मीटर गेज म्हणून सुरू झाला. पुढे तो चामराजनगरला पोचला व आता ब्रॉड गेज आहे. कडकोळला उतरणाऱ्या सर्वांनाच कडकोळला जायचे असते असे नाही. कित्येकांचे घर आसपासच्या एखाद्या खेड्यात असते. तिकिटाच्या हिशेबी त्यांचा प्रवास येथे पुरा होतो. त्यांच्या दृष्टीने त्याचा सर्वांत कठीण भाग येथून सुरू होतो.

ही अडचण रेल्वेइतकीच जुनी आहे. नाशिक रोड, सावंतवाडी रोड या नावांतील 'रोड' हा शब्द म्हणजे एक प्रांजळ कबुलीच होय : गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथे आहे. नाशिक शहर स्थानकापासून सुमारे ९ किलोमीटर दूर असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ट्राम घालण्यात आली. आरंभी ती घोडे ओढीत. १९३० नंतरच्या दशकात ती बंद पडली. परंतु नाशिकला यात्रेकरूंची गर्दी होती. चार घरांच्या वाडीसाठी ट्राम कोण घालणार?

कडकोळ त्या मानाने भाग्यवान. नंजनगूडकडे जाणारा हमरस्ता गावातूनच जातो. शिवाय जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य आहे. साहजिकच, डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेतलेली बाई रेल्वेचे स्वस्त तिकीटही काढीत नाही. म्हैसूरलाच बसमध्ये बसते. तिला दोष देता येणार नाही. मात्र हमरस्त्यावर उतरल्यावर आतल्या वाटेचे अंतर तिलाही चुकत नाही.

मूळ दोष सांध्यात आहे. गाडी अर्धा तास उशिरा येते आणि खेड्याची शेवटची बस आपल्या वेळेवर सुटते. चालकाने नियम पाळलेला असतो. रेल्वे एका खात्याची, बस दुसऱ्याची. प्रवाशाची वाट पाहण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यांत लिहिलेले नसते. मग उरते ती दाटीवाटीची रिक्षा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार कंत्राटी वाहनाने वाटेत माणसे घेत-सोडीत प्रत्येकाकडून वेगळे भाडे घ्यावयाचे नसते, पण अंधार पडल्यावर बहुधा तीच तेवढी स्थानकाबाहेर उभी असते.