विहीर-कूपनलिका घेण्यापूर्वी जमिनीची विद्युत तपासणी

पाचोरा परिसरात उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला की लिंबू, केळीच्या बागा वाचविण्यासाठी नवीन कूपनलिका घेण्याची घाई होते. ती कोरडी गेली तर बाग जाते आणि कर्ज मात्र राहते. शेजाऱ्याच्या बांधापलीकडे पाणी लागले म्हणून आपल्याकडेही लागेलच, असे काळ्या खडकात सांगता येत नाही.

पाणी कोठे असते?

यावल-रावेरकडे तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. आपल्याकडे गिरणाकाठची पट्टी सोडल्यास बहुतांशी बेसॉल्ट आहे. अखंड पाषाणात पाणी साठत नाही. ते मुरमात, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत असते.

तपासणीची पद्धत

एका सरळ रेषेत चार सळया रोवतात. बाहेरील दोन सळयांतून वीज सोडून आतील दोहोंमधील विद्युतदाब मोजतात. त्यावरून थराची रोधकता ओहम-मीटरमध्ये काढतात. वेन्नर पद्धतीत सळयांतील अंतर समान असते. समजा, अंतर २० मीटर व रोध ०.३२ ओहम आला, तर २ × ३.१४ × २० × ०.३२ = सुमारे ४० ओहम-मीटर. अंतर वाढवीत गेल्यास अधिक खोलीचा अंदाज येतो.

बेसॉल्ट भागातील ढोबळ अर्थ :

१) १० पेक्षा कमी : चिकणमाती किंवा खारे पाणी.
२) २० ते ४० : पाणी असलेला कुजका खडक, मुरूम.
३) ४० ते ७० : भेगाळ, पाणीधारक खडक.
४) ७० पेक्षा जास्त : कठीण पाषाण.

मर्यादा

यंत्र पाणी दाखवीत नाही, थर दाखविते. दोन थरांमधील तांबड्या मातीचा पट्टाही कमी रोधकता दाखवितो. पाणी मात्र देत नाही. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. लोखंडी पाईप, तारेचे कुंपण व वीजवाहिनीजवळ मोजणी चुकते. सळयांभोवतीची जमीन कोरडी असल्यास तेथे पाणी ओतावे. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत उभ्या पाषाणभिंती (डाईक) पुष्कळ आहेत. त्या शोधण्यास चुंबकीय मोजणी उपयोगी पडते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

शासनाची निरीक्षण विहीर प्रत्येक शिवारात नसते. ती उणीव आपणच भरून काढावी. आजूबाजूच्या दहा-पंधरा विहिरींची खोली, लागलेले थर आणि पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पाणीपातळी वहीत लिहून गावनकाशावर मांडावी. मोजणी करणाऱ्यास ही वही दाखवावी. आकड्यांचा खरा अर्थ तिच्यामुळेच लागतो. शेतात किमान दोन-तीन जागी मोजणी करून तुलना करावी.

सल्ल्यासाठी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जळगाव येथील कार्यालयात विचारणा करावी. तिन्ही जागी अखंड पाषाण आढळल्यास कूपनलिकेचा हट्ट सोडावा व तोच पैसा शेततळे, विहीर पुनर्भरण व ठिबक सिंचनाकडे वळवावा. न खोदलेली कोरडी कूपनलिका हाही नफाच आहे.