तबल्याला रेकॉर्ड केलेला लेहरा मंचावर चालेल का?

प्रश्न : परदेशातल्या एका कलाकाराचं मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचं वादन पाहिलं. वादक एकटाच होता, साथीचे इलेक्ट्रॉनिक आवाज आधी रेकॉर्ड केलेले होते. माझी मुलगी मोबाइलवरच्या लेहऱ्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीवर, तबल्याचा रियाज करते. सावित्रीबाई फुले कलामंदिरात तिनं असाच लेहरा लावून स्वतंत्र वादन केलं तर?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : रियाजाला जरूर. मोबाइलच्या आधीही बंगळूरच्या राडेल कंपनीचं 'सुनादमाला' हे लेहऱ्याचं यंत्र होतंच. यंत्र दमत नाही, लय सोडत नाही. हात पक्का व्हायला दुसरं काय हवं?

मंचावर मात्र मी नको म्हणेन. मारिंबासाठी लिहिलेल्या अशा रचनांत रेकॉर्डिंग हा रचनेचाच भाग असतो. ऑस्ट्रेलियाचे मार्टिन वेस्ली-स्मिथ यांची 'फॉर मारिंबा अँड टेप' ही 1982 ची रचना घ्या. कुठे काय वाजणार हे आधीच ठरलेलं, वादकानं त्यात नेमकं बसायचं. आपलं स्वतंत्र वादन उलट्या दिशेनं चालतं. पेशकार ठाय लयीत सुरू होतो; कायदे, रेले, गती, चक्रदार करत लय चढत जाते, आणि ती कधी चढवायची हे तबलजी त्या क्षणी ठरवतो. लेहरा धरणारा हार्मोनियमवाला त्याच्या नुसत्या मानेच्या हालचालीवरून ते ओळखतो. रेकॉर्डिंग ओळखणार नाही. मिनिटाला 60 मात्रांच्या लेहऱ्यावर मुलगी उत्साहात 61 च्या लयीनं निघाली, तर ती प्रत्येक आवर्तनात स्वतःला मागे ओढत बसेल. मग तिचं लक्ष बोलांच्या वजनावर कसं राहणार?

ठाण्यात पं. भाई गायतोंडे यांनी अहमदजान थिरकवाँ यांची विद्या जपली, शिकवली. ती परंपरा सावकाश उलगडणारी आहे, तिला घाई करून किंवा बांधून चालत नाही.

तरीही करायचंच असेल तर कार्यक्रम छोटा ठेवा आणि लेहरा त्याच्यासाठीच रेकॉर्ड करून घ्या : ठाय, मध्य, द्रुत, आणि प्रत्येक बदलाआधी किती आवर्तनं ते गुरूंबरोबर ठरवून. तबला त्याच पट्टीत लावा. पावसाळ्यात पुडी उतरते, म्हणून आयत्या वेळी पुन्हा तपासा. मॉनिटर स्पीकर वायरीचा आणि मुलीच्या अगदी जवळ हवा. दहा मीटरवरून आवाज यायला सेकंदाचे तीन शतांश लागतात. मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत चौपटीचा एक बोल साडेसात शतांशांचा असतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या बोलाची चूक. प्रेक्षकांत बसलेल्या जाणकाराला ती ऐकू येते.

खरं तर डोंबिवलीत हार्मोनियम शिकणारी मुलं काही कमी नाहीत. लेहरा न डगमगता धरणं ही त्यांचीही साधना आहे. अशा एखाद्या मुलाला महिनाभर आधी घरी बोलवा, दोघांना रोज एकत्र बसू द्या.