बेळगावहून सागरतीरी : एका कौटुंबिक प्रवासाचा आराखडा



सहामाही परीक्षा आटोपून दसऱ्याची सुटी लागली, की आपल्या बेळगाव परिसरातील अनेक घरांत कोकणात जाण्याचे बेत सुरू होतात. कोणाची आत्या वेंगुर्ल्यास दिलेली असते, कोणाचे आजोळ मालवणकडे असते, तर कोणाच्या कुळाचे दैवत सावंतवाडीच्या आसपास असते. अशा वेळी घरातील वडील मंडळी सहज म्हणून जातात, “समुद्र पाहून येऊ, आणि जाता जाता सर्वांना भेटूही.” या वाक्यातील ‘जाता जाता’ हे दोन शब्दच सर्व घोटाळ्याचे मूळ होत. समुद्र जाता जाता पाहावयाचा नसतो आणि आप्तांना जाता जाता भेटावयाचे नसते. दोघांचीही स्वतःची वेळ असते व ती आपण पाळावी लागते. ती कशी पाळावी, याचा विचार प्रस्तुत पाठात एक उदाहरण घेऊन करावयाचा आहे.

समजा, आजी, आईवडील आणि दोन मुले असे पाच जणांचे कुटुंब मोटारीने निघणार आहे. वडिलांची बहीण वेंगुर्ल्यास राहते. आजीची धाकटी बहीण मालवणला असते. दोघी बहिणींची बऱ्याच वर्षांत गाठ पडलेली नाही. सुटी पाच दिवसांची आहे. आता कागद घेऊन बसावे. बहुतेक लोक प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात, मग अंतरे मांडतात, आणि उरलेल्या फटींत नातेवाइकांना कोंबतात. आपण हा क्रम उलटा करू. प्रथम कागदावर दोन घरे लिहू, नंतर भरती-ओहोटी मांडू, त्यानंतर रस्ता आणि सर्वांत शेवटी स्थळे.

घरांविषयी मोठ्या माणसांना काय शिकवावे, असे कोणी म्हणेल. परंतु पुष्कळशा भेटी फसतात त्या याच ठिकाणी. दुपारी एक वाजता न कळविता पाच माणसे दारात उभी राहिली, तर वयस्कर आत्या ‘इलास तां बरां झालां’ असे हसून म्हणेल खरी. परंतु तिचा पुढचा सर्व वेळ चुलीपाशी जाईल, आणि तिच्याशी बोलावयास आलेली माणसे ओटीवर बसून घड्याळ पाहतील. तेव्हा निदान आठ दिवस आधी कळवावे. येणार कधी, जेवणार कोणत्या वेळी, राहणार किती रात्री, हे तिन्ही सांगावे. एका दिवसात एकच घर ठेवावे. पाण्याचा पेला तोंडाला लावून उठण्यासारखी भेट देण्यापेक्षा त्या खेपेस न गेलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हाती काही न्यावयाचे तर बेळगावचा कुंदा आहेच. गोकाकचा करदंट चार दिवस अधिक टिकतो. मुलांनी एक वही घ्यावी. आजी आणि तिची बहीण एकत्र बसल्या, म्हणजे घराण्यातील जी नावे, जी गावे आणि जी लग्ने बोलण्यात येतात, ती कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. ती तेथल्या तेथे लिहून घ्यावी.

आता समुद्राकडे वळू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच दिशेने चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकत असतो. म्हणून एखादे ठिकाण पुन्हा चंद्रासमोर येण्यास २४ तासांऐवजी सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. या अवधीत आपल्या किनाऱ्यावर दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. म्हणजे एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि त्यांच्या मध्ये ओहोटी. हीच गोष्ट कोकणातील कोळी व खलाशी एका सोप्या हिशेबाने सांगत आले आहेत : तिथीची पाऊणपट करावी, उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीस सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. दररोजचा फरक वस्तुतः पाऊण तासाहून थोडा अधिक असतो व बंदराबंदरातही अंतर पडते. म्हणून हे उत्तर अर्ध्या-एक तासाने मागेपुढे होऊ शकते. ज्यांना अचूक वेळ हवी त्यांनी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. ते आता मोबाईलवरही मिळते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास भरती अधिक चढते आणि ओहोटी अधिक उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हे चढउतार कमी असतात. त्यास भांग म्हणतात.

हा हिशेब केवळ परीक्षेतील गुणांसाठी नाही. दि. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावहून सहलीस गेलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तुकडीतील आठ जण मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बुडून मरण पावले. तरुण, धडधाकट मंडळी होती. नदीत किंवा विहिरीत पोहणाऱ्यास समुद्राची एक गोष्ट ठाऊक नसते : किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांचे पाणी परत जाताना कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा तेथे कमी फुटतात, आणि म्हणूनच नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने धडपडू नये. त्यात दम संपतो. पाण्यावर तरंगत राहावे, मदतीसाठी हात वर करावा, पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर दिशेने सरकावे, आणि ओढ कमी झाल्यावर तीराकडे वळावे. ओहोटी लागली असता पाण्यात उतरू नये. खाडीच्या मुखापाशी तर मुळीच उतरू नये, कारण तेथे नदीचे पाणी व उतरणारे पाणी एकत्र धावते. मुलांनी गुडघ्यापलीकडे जाऊ नये, आणि किनाऱ्यावरील कोळ्याने ‘येथे नको’ म्हटले, तर कारण न विचारता मागे फिरावे.

आता तिथी निवडू. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, आश्विन शुद्ध द्वादशीस निघालो, तर पौर्णिमा मालवणला मिळते. आणि ही पौर्णिमा म्हणजे कोजागरी. द्वादशीची पाऊणपट नऊ. म्हणजे त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्रयोदशीस हेच पावणेदहा व चार, चतुर्दशीस साडेदहा व पावणेपाच, आणि पौर्णिमेस भरती सव्वाअकराला. हे चार आकडे कागदाच्या कडेला लिहून ठेवावे.

रस्त्याचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. बेळगावहून आंबोली सुमारे ७० किलोमीटर, तेथून घाट उतरून सावंतवाडी ३०, पुढे वेंगुर्ले आणखी तितकेच. एकूण १३० किलोमीटर म्हटले, की मुले लगेच साठाने भागून दोन तास दहा मिनिटे असे उत्तर देतात. हे उत्तर गणितात बरोबर आणि घाटात चूक. वळणावळणाच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी ३५ च्या वर धरू नये, घाटात २५. या मानाने पहिल्या टप्प्यास दोन तास, घाटास सव्वा तास, शेवटच्या टप्प्यास पाऊण-एक तास. त्यात आजीला पाय मोकळे करण्यास दोनदा थांबणे आले. सकाळी सातला निघाल्यास दुपारी साडेबारा-एकपर्यंत वेंगुर्ले येते, आणि आत्याला जेवणाची हीच वेळ सांगितलेली असावी.

या वाटेवर भूगोलाचा एक धडा फुकट मिळतो. शिनोळीपाशी राज्याची सीमा ओलांडली तरी भूमीचा उंचसखलपणा फारसा बदलत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटर. म्हणजे घाटमाथ्यावर जाताना आपण डोंगर चढतो असे वाटले, तरी वस्तुतः थोडे खालीच आलेलो असतो. आंबोलीस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेस वळते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. त्याच डोंगराच्या पश्चिम कड्यावरून पडलेले पाणी मात्र एवढ्याशा अंतरावरील अरबी समुद्रात पोचते. मोटार कड्यापाशी थांबली असता मुलांनी हे दोन्ही उतार डोळ्यांनी पाहावे. आश्विनातही परतीचा पाऊस व धुके असू शकते; चालकाने ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा, आणि चढत्या गाडीस वाट द्यावी. माकडांना खाऊ घालण्यासाठी वळणावर गाडी थांबविणारे लोक पाहिले, की आम्हांस त्यांच्या दयाबुद्धीपेक्षा मागून येणाऱ्या गाडीची काळजी अधिक वाटते.

सावंतवाडीस मोती तलावाकाठी अर्धा तास पुरे. लाकडी खेळणी पाहावी. राजवाड्यात गंजिफाची कला जपली आहे, ती परतताना वेळ राहिल्यास पाहावी.

एके काळी वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तेथे वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही आहेत. पुढे देशावरील माल बैलगाड्यांनी घाट उतरून येथे येई. १८८०च्या दशकात बेळगावास रेल्वे आली, मुरगाव बंदराशी रुळांनी संबंध जोडला गेला, आणि वेंगुर्ल्याच्या व्यापारास ओहोटी लागली. आपल्याकडील पुष्कळ घरांची मुळे कोकणात का आहेत आणि तिकडच्या मुली इकडे व इकडच्या तिकडे का दिल्या गेल्या, याचे बरेचसे उत्तर या जुन्या वाटेत आहे. पहिल्या दिवशी चारनंतर, पाणी पुन्हा चढू लागले असता, आत्यालाच बरोबर घेऊन किनाऱ्यावर फिरावे. तिला समुद्राचे नवल नसेल, पण भाचरांच्या सोबतीचे असेल.

दुसरा दिवस शिरोड्यासाठी ठेवावा. ते वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस २० किलोमीटरच्या आत आहे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो येथील मिठागरांवर. मात्र आश्विनात मिठाचे ढीग दिसतील या आशेने जाऊ नये. पावसाळ्यानंतर वाफे नीट करतात, भरतीचे खारे पाणी आत घेतात, आणि उन्हाने ते आटत जाऊन मीठ पिकते ते उन्हाळ्यात. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, हेही मराठी शाळेतल्या मुलांनी तेथे उभे राहून आठवावे. दुपारचे जेवण आत्याकडेच घ्यावे. बाहेर खाऊन घरी जाणे म्हणजे तिने सकाळपासून मांडलेल्या स्वयंपाकाचा अवमान होय.

तिसऱ्या दिवशी कुडाळमार्गे मालवण, सुमारे ५५ किलोमीटर. त्या दिवशी दुसरे काहीही करू नये. दोन बहिणी भेटणार आहेत; त्यांच्या गप्पांच्या मध्ये ‘किल्ल्याची होडी चुकेल’ असे कोणी म्हणू नये, म्हणूनच किल्ला पौर्णिमेच्या सकाळी ठेवला आहे. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले व १६६७ साली पुरे झाले. कुरटे बेटावरील या किल्ल्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा लपविला आहे, की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. सभोवती खारे पाणी असता आत दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आश्विनात त्या चालतात, परंतु समुद्र खवळलेला असल्यास तांडेल नाही म्हणेल, आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. सकाळी नऊला पाणी चढते असते. तेव्हा जावे आणि साडेअकरापर्यंत परतावे. त्यानंतर ओहोटी लागते, ती संध्याकाळपर्यंत. आणि दिवस उधाणाचा. म्हणून त्या दुपारी पाण्यात पाय घालण्याचा विषयच नाही. दुपारी सर्वांनी झोप काढावी, कारण रात्री जागावयाचे आहे.

कोजागरीच्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर येतो, आणि आपला पाऊणपटीचा हिशेब सांगतो की पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास. दूध आटवून झाले, की आजी आणि तिची बहीण यांच्यासाठी किनाऱ्यालगत, पाण्यापासून दूर उंचशा जागी दोन खुर्च्या मांडाव्या. मुलांनी तिन्हीसांजेस भिजल्या वाळूच्या कडेपासून वर काही पावलांवर एक काठी रोवून ठेवावी आणि पाणी तेथवर केव्हा पोचते ते घड्याळात पाहून वहीत लिहावे. हिशेब किती मिनिटांनी चुकला, हे शाळा उघडल्यावर वर्गात सांगता येईल.

प्रतिपदेस परतीचा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटर आहे. सकाळी आठला निघाल्यास घाट भर उजेडात चढून होतो. सामान भरताना मोटारीच्या मागील भागात एक कोपरा मोकळा राखावा : निघतेवेळी आमसुले, काजू, खाजे आणि एखादी नारळांची गोणी दिली जाईलच, आणि ‘जागा नाही’ हे उत्तर त्या घरात चालत नाही.