खुनी कोण, ते आधी ठरवा

मित्रांनी हौसेनं सुरू केलेला रहस्यप्रधान गेम बहुतेकदा एकाच जागी येऊन अडतो. वाडा रंगवून झालेला असतो. जिन्याखालची खोली, बंद पडलेलं घड्याळ, पावसाचा आवाज सगळं जागच्या जागी असतं. संशयितांचे चेहरेही तयार असतात. खून कुणी केला, हे मात्र ‘पुढे बघू’ म्हणून राहून गेलेलं असतं. उड्या मारत पळायच्या गेमचे तीनच टप्पे झाले, तरी तेवढे खेळता येतात. उकल नसलेलं रहस्य कुणाला खेळायलाच देता येत नाही, म्हणून इथे वाया गेलेली मेहनत फार जिवाला लागते.

ज्यांनी असे गेम तडीस नेले, त्यांनी पसारा कुठे आवरला ते पाहण्यासारखं आहे. सॅम बार्लो यांच्या ‘हर स्टोरी’त (2015) ना वाडा आहे, ना संशयितांची रांग. पोलीस चौकशीच्या व्हिडिओचे तुकडे, विवा सायफर्ट ही एकच अभिनेत्री आणि शब्द टाइप करून शोधायची एक चौकट, एवढंच भांडवल. तो शब्द ज्या तुकड्यांत आला असेल, त्यांतले काळाच्या क्रमानं पहिले पाचच उघडतात. या एका नियमामुळे नंतरच्या जबान्या सहजी हाती लागत नाहीत. किती थोडक्यात केवढं काम!

लुकास पोप यांनी ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ जवळपास एकहाती केला. पूर्ण गेम 2018मध्ये आला, पण छोटा डेमो 2014मध्येच लोकांच्या हाती होता. ‘ओब्रा डिन’ या जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं, ते शोधायचं. एकेक नव्हे, तिघांची उत्तरं बरोबर आली की मगच गेम ती पक्की करतो. त्यामुळे अंदाजपंचे फारसं चालत नाही.

याच्या उलट झालं ‘ब्रोकन एज’ या साहसी गेमचं. डबल फाइन या गेम कंपनीनं त्यासाठी 2012मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 4 लाख डॉलर मागितले. 33 लाखांहून अधिक जमले. पैशांबरोबर आवाकाही वाढला, आणि गेम 2014 व 2015 असा दोन भागांत द्यावा लागला. मुरलेल्या, पगारी माणसांचं हे झालं. रविवारी जमणाऱ्या मित्रांनी आवाका वाढवण्याआधी दहादा विचार करावा.

कोडिंगच्या आधी खुनाची रात्र तासातासानं लिहून काढावी: कोण कुठे होतं, कुणी काय पाहिलं, खोटं कोण बोलतंय. मग एकेक सुगावा एकेका कार्डावर लिहून, कथा ठाऊक नसलेल्या माणसापुढे पसरावा आणि गप्प बसावं. हे गप्प बसणंच सर्वांत अवघड. त्यानं खुन्याचं नाव सांगितलं, तरी ‘कशावरून?’ विचारावं; उत्तर आलं नाही, तर सुगावे कच्चे आहेत. हे जमलं की एक खोली, तीन संशयित, चित्रांऐवजी साधे चौकोन घेऊन सुरुवातीपासून उकलीपर्यंत खेळता येईल असा गेम करावा. वाडा नंतर.

कथेत शेवटचा शब्द कुणाचा, नोकरीपायी कुणी मध्येच सोडलं तर त्याची चित्रं वापरायची का, गेम विकला गेला तर वाटा किती, हेही पहिल्याच बैठकीत एका कागदावर उतरवावं. मित्रांत असं लिहून घेणं अवघड वाटतं. तरी सगळ्यांनी खाली सही करावी.