क्रियापदांकडे बघ

चि. सानू,


तुझ्या भाषांतराचा मसुदा वाचला. स्पेनमधला शवविच्छेदनाचा अहवाल, समुद्रात बुडालेल्या माणसाचा. पहिलं काम म्हणून जडच. इंग्रजी तुझं छान वाहतं. जरा जास्तच वाहतं, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र.

नामांची मला चिंता नाही. कूबितो म्हणजे अल्ना, पेरोने म्हणजे फिब्युला, हे हात बसला की आपोआप येईल. 'ओंगो दे एस्पूमा'चं तू फंगस करून टाकलंस. ओंगो म्हणजे बुरशी खरी, पण अळंबीही. बुडालेल्या माणसाच्या नाकातोंडाशी पांढऱ्या फेसाचा जो घुमट जमतो, त्याला स्पॅनिश डॉक्टर फेसाची अळंबी म्हणतात; इंग्रजीत तो फोम कोन. ही चूक कुणाच्याही डोळ्यांत भरली असती, म्हणून तिची फार भीती नाही.

भीती 'रेफिएरे'ची. पूर्वेतिहासात डॉक्टरांनी लिहिलंय की बायको 'रेफिएरे', म्हणजे सांगते, की त्याच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. तू लिहिलंस, त्याच्या छातीत दुखत होतं. बायकोचं सांगणं तू डॉक्टरांच्या तोंडी घातलंस. विम्याचं प्रकरण असेल तर समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवील. तसंच खाली 'नो से ओब्खेतिबान': जखमा दिसून आल्या नाहीत. 'जखमा नव्हत्या' असं डॉक्टर म्हणत नाहीत. आणि शेवटी 'कोम्पातिब्ले कोन सुमेर्सिओन'. निष्कर्ष बुडण्याशी सुसंगत आहेत, एवढंच. इंग्रजीत त्याला कन्सिस्टंट विथ हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. तू तिथे ड्यू टू लिहून निकालच देऊन मोकळी झालीस. डॉक्टरांनी हातचं राखून लिहिलं असेल तर आपणही तेवढंच राखायचं. वाक्य अवघडलेलं वाटलं तरी वाटू दे.

'इन्तोक्सिकादो'ची गोष्ट तुला वर्गात सांगितली असेलच. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांचा एक क्यूबन वंशाचा मुलगा बेशुद्धावस्थेत इस्पितळात आला. घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' म्हटलं; त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काही बाधलं असावं. डॉक्टरांनी इंग्रजी इन्टॉक्सिकेटेड ऐकलं आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि प्रकरण सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. सगळे ही गोष्ट फसव्या शब्दाची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं: घरच्यांचा अंदाज कागदावर येईपर्यंत निदान होऊन बसला होता.

'लेबान्तामिएन्तो देल कादाबेर'चं नुसतं 'प्रेत उचलणं' करू नकोस. आपल्याकडे जसा पंचनामा, तशी ती जागेवरची कायदेशीर कारवाई आहे. फरक इतकाच, की तिथे ती तपास करणाऱ्या न्यायाधीशाच्या अखत्यारीत येते. 'आन्तेसेदेन्तेस'ही सांभाळ. डॉक्टरांच्या कागदात ती जुनी दुखणी असतात, पोलिसांच्या कागदात जुने गुन्हे, आणि तुझ्या फायलीत दोन्ही कागद आहेत. आकड्यांचं म्हणशील तर स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम देतात, मेक्सिकोत टिंब. चिलीचा अहवाल आला आणि त्यात 'ग्वाग्वा' दिसलं तर ते तान्हं मूल. क्यूबात तीच बस.

सवड झाली की अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथकाचं लेखन वाच. १९८४ मध्ये अमेरिकन तज्ज्ञ क्लाइड स्नो यांच्या हाताखाली काही विद्यार्थ्यांनी बेवारस कबरी उकरायला सुरुवात केली, त्यातून हे पथक उभं राहिलं. लष्करी राजवटीने नाहीसे केलेल्यांची हाडं ती. पुढच्याच वर्षी सेनानींवर खटला चालला तेव्हा स्नो साक्षीला उभे राहिले. हाड काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे वेगळं ठेवल्याशिवाय अशी साक्ष टिकत नाही.

आता मसुदा पुन्हा हातात घे आणि फक्त क्रियापदं तपास, बाकी कशाला हात लावू नकोस. पान चारवर 'आय-आर-ए' आहे. ते मूत्रपिंड अचानक निकामी होणंही असू शकतं आणि श्वसनमार्गाचा तीव्र संसर्गही. पुढच्या-मागच्या मजकुरावरून ठरत नाही. अंदाज बांधू नकोस, एजन्सीला आजच विचार. उत्तर येईपर्यंत ती तीन अक्षरं पिवळी करून तशीच ठेव.

तुझी,
मावशी