मुंबई ते लंडन

मुंबई व लंडन या शहरांमधील सर्वांत जवळचा आकाशमार्ग सुमारे ७,२०० किलोमीटर लांबीचा आहे. जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. तेव्हा त्रैराशिक जाणणारा कोणीही विद्यार्थी सांगेल, की प्रवासास आठ तास लागावयाचे. प्रत्यक्षात मात्र मुंबईहून लंडन गाठण्यास साधारणतः नऊ ते दहा तास लागतात आणि परत येताना त्याहून कमी. असे का व्हावे?

प्रथम मार्गाचा विचार करू. वर्गातील नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांना जोडणारी रेघ ओढा. ती इराकवरून जाईल. आता पृथ्वीचा गोल घेऊन त्याच शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा बराच उत्तरेकडून, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून व आर्मेनियावरून गेलेला दिसेल. नकाशावर वाकडा भासणारा हा मार्गच सुमारे २०० किलोमीटरांनी जवळचा आहे! वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना अंतरांची जी ओढाताण होते, तिचा हा परिणाम. वैमानिक शक्यतो या दोऱ्याच्या मार्गाने जातात; परंतु वाटेत वादळ असेल किंवा एखाद्या प्रदेशात युद्ध चालू असेल, तर वळसा घ्यावाच लागतो.

परतीचा प्रवास लवकर का होतो, असे विचारताच ‘पृथ्वी फिरते म्हणून’ असे उत्तर वर्गातून हमखास येते. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीचे वातावरणही फिरत असते. खरे कारण वारा हे होय. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर या मार्गात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. हिवाळ्यात कित्येकदा त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. लंडनकडे जाताना हा वारा समोरून येतो, तर परतताना तोच विमानास पाठीमागून रेटतो.

मग जाताना झालेला उशीर येताना भरून निघतो काय? सोपे गणित करून पाहा. वारा ताशी १०० किलोमीटर धरा. जाताना वेग ८०० उरतो आणि ९ तास लागतात. येताना तो १,००० होतो आणि ७ तास १२ मिनिटे लागतात. एकूण १६ तास १२ मिनिटे. वारा नसता, तर १६ तासच लागले असते. विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ राहिले व अनुकूल वाऱ्यात कमी, म्हणून ही बारा मिनिटे वाढली. हा हिशेब वैमानिकाच्या दृष्टीने करमणुकीचा नव्हे. प्रवासी विमानास आकाशात थांबून इंधन घेता येत नाही. म्हणून उड्डाणापूर्वीच वाऱ्याचा अंदाज पाहून, वर काही राखीव साठा ठेवून, इंधन भरावे लागते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे उतरत गेले. त्यास जेट नव्हते, पंखे होते. १९६० साली या मार्गावर एअर इंडियाची जेट विमाने आली आणि पुढे न थांबता जाणेही शक्य झाले.

एक कोडे घड्याळाचेही आहे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. मुंबईहून दुपारी बारास निघून दहा तास उडालेला प्रवासी लंडनला उतरतो, तेव्हा तेथे दुपारचे साडेचारच वाजलेले असतात!