तांबडी शाई

निबंध शिकविणाऱ्याने स्वतः निबंध लिहावा काय? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर सापडायला मला नोकरीची बरीच वर्षे खर्चावी लागली.

मी राहनाळचा. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कशेळी, काल्हेर, पूर्णा यांच्या ओळीतले हे गाव. जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज गोदामांच्या रांगा आहेत. घरात आगरी बोली, रस्त्यावर हिंदी, यंत्रमागांच्या वस्तीत तेलुगू आणि वर्गात ग्रांथिक मराठी, अशा चार भाषांतून वाट काढीत इथला विद्यार्थी वहीपर्यंत पोहोचतो.

महाविद्यालयात येण्यापूर्वी मी शाळेत शिकवीत असे. 'माझे गाव' या विषयावर एका मुलाने दीड पान लिहिले होते. स्वतःच्याच विकलेल्या शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामात त्याचा बाप रात्रपाळीचा पहारेकरी होता. मुलाने 'बापूस', 'पानी', 'शेतान' असे लिहिले होते. मी प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि शेवटी शेरा दिला, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' बापाविषयी एक अक्षरही लिहिले नाही. पुढचा निबंध त्याने मार्गदर्शकातून जसाच्या तसा उतरवून आणला. त्यात चूक नव्हती आणि गावही नव्हते. मी चांगले गुण दिले. वही घेताना तो म्हणाला, "सर, आता बरोबर आहे ना?"

त्या रात्री मी स्वतः 'माझे गाव' लिहायला बसलो. पहिलेच वाक्य आले ते निसर्गरम्य परिसराचे! ते खोडले. दुसरेही तसलेच निघाले. मुलांना जे करायला सांगत होतो ते मला येत नव्हते, हे तेव्हा कळले.

मग ज्यांनी शिकविले आणि लिहिलेही, त्यांच्याकडे वळलो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढीत. मुलांनी वाचावे म्हणून आधी गुरुजी लिहीत, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तिचे प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र आणि त्या रात्री सांगितलेली गोष्ट. तिथे लेखन बोलण्याचा हात धरून चालते.

दुसरे नारायण सुर्वे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, नंतर शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आले, 'माझे विद्यापीठ' १९६६ साली. कामगारांच्या बोलण्यातले शब्द त्यांनी कवितेत आणले आणि ते मराठी काव्याचेच धन झाले.

याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यावे असा मुळीच नाही. परीक्षेत, अर्जात, नोकरीत प्रमाणभाषा लागतेच. ती न शिकविणे म्हणजे विद्यार्थ्याला फसविणे होय. परंतु शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या आणि १९७२ साली वाढविलेल्या लेखनविषयक नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी 'असं केलं' ही बोलण्यातली रूपे चालतात. नियम करणाऱ्यांनी माणसाच्या बोलण्याला जागा ठेवली होती. ती माझ्या तांबड्या शाईने पुसली.

आता मी पद्धत बदलली आहे. निबंध प्रथम लेखणी हाती न घेता वाचतो. लिहिणाऱ्याला काय सांगायचे आहे ते समासात एका वाक्यात लिहितो आणि मगच चुकांकडे वळतो. कुठला शब्द चूक आणि कुठला घरचा, हे त्यालाच विचारतो. वर्ग लिहीत असतो तेव्हा मीही फळ्यावर तोच निबंध लिहितो, खाडाखोडीसह. प्राध्यापकाचे वाक्य खोडलेले पाहून मुलांना धीर येतो, असा माझा अनुभव आहे.

त्या मुलाने पुन्हा गावाविषयी कधी लिहिले की नाही, मला ठाऊक नाही. त्याची वही माझ्याकडे नाही. शेरा तेवढा आठवतो. विद्यार्थी मित्रहो, पुढील अंकासाठी लेख द्याल तेव्हा 'बापूस' खोडून आणू नका. तो ठेवायचा की बदलायचा, हे आपण दोघे बसून ठरवू.